कळा तिला, घाम मला

शनिवारी सकाळी दहाला पुण्यात कर्वे रस्त्यावर गाडी लावायला जागा शोधणं, हाच खरा बाळंतपणाच्या तयारीचा पहिला धडा. पंचवीस मिनिटं गोल गोल फिरलो, शेवटी लांबच्या एका गल्लीत गाडी कोंबली आणि सातव्या महिन्यातल्या बायकोला चालवत क्लासला आणलं. दोन जिने चढून मला धाप लागली होती. ती मजेत होती. मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "खुर्ची देऊ का?"

नवरा-बायकोनं मिळून जायचा क्लास आहे, हे आईला सांगितलं तेव्हा तिनं हातातली भेंडी खाली ठेवली होती. "तू जाऊन काय करणार? तुझ्या वेळी तुझे बाबा सोलापूरला ऑडिटला होते. तिसऱ्या दिवशी पेढे घेऊन उगवले." हे ती चौतीस वर्षं सांगते आहे. बाबा दर वेळी पेपर थोडा वर धरतात.

सतरंजीवर सहा जोडपी. बायका "कितवा?" "सातवा" करत पाच मिनिटांत मैत्रिणी झाल्या. आम्ही सहा नवरे त्यांच्या मागे, मांडीवर एकेक उशी घेऊन, मुंजीतल्या बटूंसारखे अवघडून बसलेले. कुणी कुणाच्या नजरेला नजर देईना.

गर्भाशयाचं तोंड दहा सेंटिमीटर उघडावं लागतं, असं मॅडमनी सांगितलं आणि दहा म्हणजे केवढं ते कळावं म्हणून पुठ्ठ्याची एक चकती फिरवली. चांगली टम्म पुरीएवढी. बायकांनी ती नीट निरखली. आमच्या ओळीतून मात्र ती तापल्या तव्यासारखी हातोहात पुढे सरकली. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी श्रीखंडपुरीचा बेत केला होता. मी भात मागून घेतला.

मग श्वास. फर्नां लामाझ नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १९५१ साली सोव्हिएत रशियात ही अशी पद्धत पाहिली आणि पॅरिसला नेली म्हणे. रशियातून स्वस्त पुस्तकं यायची हे बाबांकडून ऐकलं होतं. श्वासही तिकडूनच आला हे नवीन. नाकानं आत, तोंडानं हळूहळू बाहेर. बायकोला लय सापडावी म्हणून मी मोठ्यानं, मन लावून श्वास घेऊ लागलो. चौथ्या मिनिटाला डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"अरे, कळा मला यायच्यात," बायको मागे न वळता म्हणाली.

यानंतर आला बर्फ. प्रत्येक नवऱ्याच्या हातात एकेक खडा. कळ साधारण मिनिटभर टिकते, तेवढा वेळ मूठ आवळून धरायची. पहिली दहा सेकंदं मी हसत होतो. विसाव्याला तळवा चुरचुरू लागला. तिसाव्याला मी अलगद मूठ सैल करून खडा बोटांच्या टोकांवर घेतला.

"मूठ घट्ट!" ही बायको. हिला पाठीलाही डोळे आहेत.

चाळिसाव्या सेकंदाला शेजारचा धिप्पाड गृहस्थ "आई गं!" म्हणून ओरडला आणि सहाही बायका पोट धरून हसल्या. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आता हेच दर पाच मिनिटांनी. काही तास." सतरंजीवर सहा ओले डाग पडले होते. त्यांच्याकडे बघत आम्ही गप्प बसलो.

शेवटी मला जमेल असं एक काम निघालं. पहिलटकरणीला दर पाच मिनिटांनी कळ, प्रत्येक कळ मिनिटभर, आणि हे तासभर चाललं की दवाखान्यात निघायचं, असा साधारण हिशोब. आकडे आले म्हटल्यावर माझ्या जिवात जीव आला. घरी येईपर्यंत फोनवर कळा मोजायचं अ‍ॅप उतरवून झालं होतं.

नवव्या महिन्यात एका रात्री अडीच वाजता बायको किंचाळली. मी ताडकन उठलो, अ‍ॅपचं बटण दाबलं, एका हातानं गाडीची किल्ली शोधत ओरडलो, "श्वास! नाकानं आत! सोळा सेकंदं झाली, छान चाललंय!"

"पोटरीत गोळा आलाय," ती दात आवळून म्हणाली. "पाय ताण आधी."

ताणला. अंगठा वर ओढून धरला, पोटरी चोळली. दहा मिनिटांत ती घोरायला लागली, मग मीही झोपलो.

सकाळी फोन बघितला. अ‍ॅपमध्ये एकच कळ नोंदली होती, चार तास अकरा मिनिटांची. खाली लाल अक्षरांत सूचना होती: ताबडतोब दवाखान्यात जा.