सोलापूरचं ऊन आणि गाडीवरचं जॅकेट

सोलापुरात हेल्मेटसक्तीचा विषय निघाला की विरोधाचं पहिलं कारण ऊन. तिथे जॅकेट-हातमोज्यांचं नाव काढणं म्हणजे वेडेपणाच. जुळे सोलापुरातून रोज चिंचोळी एमआयडीसीत गाडीवर जाणारा माझा भाचा परवा म्हणाला, ‘‘मामा, मे महिन्यात जॅकेट घालून सात रस्त्याच्या सिग्नलला थांबून दाखवा.’’

त्याचं खरं आहे. मी राहतो त्या बेल्जियममध्ये २०११ पासून मोटारसायकल चालवताना हेल्मेटबरोबर हातमोजे, लांब बाह्यांचं जॅकेट, फुल पँट आणि घोटा झाकणारे बूट सक्तीचे आहेत. पण इथली थंडीच वर्षातले कितीतरी महिने हे सगळं अंगावर चढवायला लावते. हा कायदा उचलून ४२ अंशांत तापणाऱ्या गावावर लादावा, असं मी म्हणणार नाही.

तरीही दुपारी होटगी रोडवर बघा. स्कूटरवरच्या बायका-मुली स्कार्फ, सनकोट, हातमोजे घालूनच निघतात. ऊन आहे म्हणूनच अंग झाकतात! मग अडचण अंग झाकण्याची नाही, कापडाची आहे. सनकोटचं पातळ सुती कापड डांबरावर घासलं की लगेच फाटतं, आणि पुढे सोलून निघते ती कातडी. जीन्सचंही फार वेगळं नाही.

यावर उपाय दणकट जाळीच्या जॅकेटचा. चालत्या गाडीवर त्यातून वारं आरपार जातं. सिग्नलला मात्र उकडतं, ते कबूल करायलाच हवं. युरोपात अशा कपड्यांना ईएन १७०९२ हे मानक आहे. त्यातली ‘ए’ श्रेणी हलकी, शहरातल्या रोजच्या वापराला पुरणारी. ‘एएए’ सर्वांत दणकट, पण जड आणि गरम. खांद्या-कोपरातल्या आर्मरवर, म्हणजे पडल्यावर धक्का झेलणाऱ्या पॅडवर, ईएन १६२१ हे त्याचं मानक छापलेलं असतं. नुसता स्पंज भरलेला असेल तर पैसे देऊ नयेत. आणि माप अंगाबरोबर हवं, ढगळ जॅकेटात पडताना आर्मर कोपरावरून सरकतं.

भाच्याला मी सांगितलं, आयएसआयचं हेल्मेट आहेच, आता आधी हातमोजे आणि घोट्यापर्यंतचे बूट घे. पडताना माणूस हातच पुढे टाकतो, आणि चपलेतला पाय तर पूर्ण उघडा. जॅकेट पुढच्या पगाराला.

माझी खरी तळमळ वेगळीच आहे. चादरी, टॉवेल आणि शाळेचे गणवेश पुरवणाऱ्या आपल्या गावाला हे शिवणं अवघड नाही. सनकोटसारखाच चटकन चढवता येणारा, दणकट जाळीचा, कोपर-खांद्याला आर्मरचे खिसे असलेला, बायकांच्या मापातही मिळणारा कोट सोलापूरच्या कारखान्यांनी काढावा, आणि तो चिंचोळीतल्या कामगाराच्या पगारात बसावा.