पाण्यावरून शंका

लोक समुद्राकडे बघत असतात तेव्हा छोट्या होडीचा मालक काचेची बरणी उजेडाकडे धरून तिचा तळ बघत असतो. बरणीत टाकीच्या बुडातून काढलेलं पेट्रोल असतं आणि त्यात पाण्याचा एखादा थेंब लोळतोय का, याची तपासणी चालू असते. मीही त्यातलाच. सूर्यास्त कसा होता हे मला विचारू नका, बरणी कशी होती ते विचारा.

पाणी पेट्रोलपेक्षा जड. लिटरभर पेट्रोल पाऊण किलोच्या आसपास भरतं, पाणी पूर्ण किलो. त्यामुळे पाणी बुडाशी जाऊन बसतं, आणि इंजिनाकडे जाणाऱ्या नळीचं तोंडही नेमकं तिथेच, बुडाजवळ असतं. होडी बांधलेली असेल तोवर ते शहाण्यासारखं पडून राहतं. लाटा लागल्या की ढवळून निघतं. म्हणून इंजिन धक्क्याला कधी आचके देत नाही. खडक जवळ आले आणि वारा त्यांच्याच दिशेने ढकलू लागला, की मग देतं.

पाणी आत येतं कुठून? यावर जाणकारांचं एकमत: हवेतून. 'टाकी काठोकाठ ठेवा, म्हणजे आत दव धरत नाही.' मी हिशेब केला. टाकीत 50 लिटर जागा रिकामी असली आणि 30 अंशांची हवा दमटपणाची हद्द गाठून बसली असली, तरी त्या हवेत एकूण पाणी जेमतेम दीड ग्रॅम. टाकी दिवसा हवा सोडते, रात्री ओढते, महिनोन्‌महिने उभ्या होडीत थेंबाथेंबाने काही साठतं, हे मान्य. पण पेलाभर पाणी निघाल्यावरही हवेवर आळ घेणं म्हणजे सज्जनाला गोवणं आहे. माझा संशय डेकवरच्या झाकणावर. त्याची रबरी रिंग उन्हाने वाळून चिरते आणि झाकणाभोवती साचलेलं पावसाचं पाणी बिनबोभाट आत उतरतं. दुसरा संशयित टाकीचा व्हेंट, म्हणजे हवा आत-बाहेर जायची वाट. त्याच्या नळीला वरच्या बाजूला वळसा दिलेला नसेल, तर आडवी लाट थेट आत पाहुणचाराला येते. रिंग क्षुल्लक वस्तू, म्हणून ती कोणी बदलत नाही. इंजिन मात्र सगळे उघडतात.

इथेनॉलवाल्या पेट्रोलची तर वेगळीच तऱ्हा. त्यात इथेनॉल 10 टक्के असेल तर ते साधारण अर्धा टक्का पाणी मुकाट पोटात घालतं, बरणीत काही दिसत नाही. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पाण्याचा हात धरून खाली निघून जातं आणि जाताना ऑक्टेनही कमी करून जातं. वर उरतं ते दुबळं पेट्रोल, खाली पाणी आणि दारूचा थर. तिथे फिल्टरचंही काही चालत नाही. डिझेलवाले हे ऐकून गालात हसतात. त्यांच्या टाकीत पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या सीमेवर बुरशी नांदते आणि फिल्टरला शेवाळासारखा चिकट गाळ पाठवते, हे ते सांगत नाहीत.

आता फिल्टर. पाणी वेगळं करणारा, 10 मायक्रॉनचा, खाली पारदर्शक वाटी, वाटीला पाणी सोडायचा स्क्रू. वस्तू उत्तम. ती बसवली जाते ती मात्र अशा कोपऱ्यात, की हात खांद्यापर्यंत आत घालावा लागतो आणि डोकं बाहेर ठेवावं लागतं. स्क्रू उलटा फिरवावा तर पेट्रोल पहिल्यांदा बरणीत जात नाही. मनगटावरून कोपरापर्यंत जाऊन मग काय ते ठरवतं. हात बाहेर काढावा तर वाटीत पाणी आहे की नाही ते दिसत नाही. आरसा धरायला माणूस लागतो, आणि त्या माणसाला आरशात स्वतःचेच केस दिसतात.

एवढं करून होडीवर पाहुणे येतात. डेकवर शेजारी शेजारी दोन झाकणं, अगदी जुळी: एक पिण्याच्या पाण्याच्या टाकीचं, एक इंधनाचं. पाहुणा मदतीला उत्सुक असतोच. मी लाल रंगाने भलंमोठं 'पेट्रोल' लिहून ठेवलंय. तरी परवा एकजण पाण्याची नळी घेऊन त्याच झाकणाशी वाकला होता. मी धावत जाऊन नळी हिसकावली, तर म्हणाला, "अहो, अक्षरं धूळ बसून अस्पष्ट झाली होती, जरा धुऊन काढत होतो."