बिबट्या माणसाला बघून पळतो, तरी हल्ले का होतात

परत एकदा गावच्या ग्रुपवर व्हिडिओ आलाय, रस्त्याने बिबट्या चाललाय, गाडीच्या उजेडात दोन सेकंद थांबतो आणि उसात शिरतो. खाली कमेंटच कमेंट, नरभक्षक झालाय, गोळ्या घाला. मी जुन्नर तालुक्यातली, आमचं घर गावठाणात नाही मळ्यात आहे, तिन्ही बाजूंनी ऊस, त्यामुळे भीती काय असते ते मला कुणी शिकवायची गरज नाही. पण नरभक्षक हा शब्द इतक्या सहज वापरू नका, एवढंच सांगायचंय.

दोन वर्षांपूर्वी आप्पा रात्री उसाला दारं धरायला, म्हणजे सरीसरीने पाणी द्यायला गेले होते. एक सरी भरली म्हणून पुढचं दारं मोडायला वळले आणि बॅटरीच्या उजेडात बांधावर दोन डोळे. पंधरा-वीस फुटांवर, पुढचे पाय पसरून निवांत बसलेलं वाघरू, बिबट्याच. आप्पा उभेच राहिले, वाकले नाहीत, पळाले नाहीत, खोरं दगडावर दोनदा आपटलं. ते उठलं, आप्पांकडे एकदा बघितलं आणि सरीत शिरलं. आप्पा सांगतात एवढं वाळलेलं पाचट पण एक पान वाजलं नाही. त्याच्या मनात असतं तर आप्पांना कळलं पण नसतं.

का नाही केलं काही? एक तर बिबट्या एकटा शिकार करतो. पाय दुखावला, जबडा दुखावला तर त्याला आणून घालणारं कोणी नाही, उपाशी मरतो. त्यामुळे ज्याचा अंदाज येत नाही त्या प्राण्याच्या नादी तो लागत नाही. दोन पायांवर उभा, उंच, आवाज करणारा माणूस त्याच्या हिशोबात भक्ष्य नाहीच. काय खायचं हे पिल्लू आईबरोबर दीड-दोन वर्षं फिरून शिकतं, आणि आमच्याकडची आई शिकवते कुत्री, शेळ्या, डुकरं. शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या टीमने कॅमेरे लावून अभ्यास केला, शेतीच्या भागात शंभर चौरस किलोमीटरला जवळजवळ ५ मोठे बिबटे निघाले, आणि त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा भटक्या-पाळीव कुत्र्यांचा. म्हणजे विचार करा, एवढे बिबटे रोज रात्री आपल्या दारावरून जातात आणि आपल्याला पत्ता नसतो.

मग हल्ले होतात ते कधी. नीट बघितलं तर बरेचदा माणूस वाकलेला किंवा बसलेला असतो. खाली बसून गवत कापणारी बाई, उघड्यावर बसलेला माणूस, फडाच्या कडेला खेळणारं ऊसतोड कामगाराचं पोर. बसला की माणूस शेळीएवढा होतो. तिकडे चंद्रपूरला मोहफुलं आणि तेंदूपत्ता गोळा करताना वाघाचे हल्ले होतात तेही असेच, पहाटे, वाकून, एकेकटी माणसं. दुसरं म्हणजे पिल्लं. मादी उसात विते, तोडणी सुरू झाली की पिल्लं सापडतात, आणि लोकं त्यांना उचलून फोटो काढतात. कृपा करून नका काढू. वनखात्याला फोन करा, ते संध्याकाळी पिल्लं त्याच जागेवर ठेवतात आणि आई येऊन एकेक तोंडात धरून घेऊन जाते, कितीदा झालंय हे आमच्याकडे.

खरा नरभक्षक पण असतो, नाही असं मी म्हणतच नाही. तिकडे कुमाऊंतल्या चंपावतच्या वाघिणीने ४३६ माणसं मारली असं सांगतात, १९०७ साली शिकारी जिम कॉर्बेटने तिला मारलं तेव्हा उजवीकडचे सुळे गोळीने तुटलेले निघाले, नेहमीची शिकार तिला जमतच नव्हती. असं जनावर पुन्हा पुन्हा माणूस मारत असेल तर त्याला हटवलंच पाहिजे, ज्यांच्या घरातलं लेकरू गेलंय त्यांना मी कुठल्या तोंडाने प्राणीप्रेम सांगू. पण दिसला बिबट्या की लाव पिंजरा आणि सोड लांब, हे आपण करून बसलोय. १९९३ ते २००१ जुन्नर भागात वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे, पकडून दुसरीकडे सोडायला लागल्यावर ते १७ वर गेले. अनोळखी जागा, आधीच वैतागलेलं जनावर, पाणी कुठे शिकार कुठे माहीत नाही, वर मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा तरणा बिबट्या येतोच.

आणि ऊस जाणार नाही. कुकडीची धरणं झाली, पाणी आलं, वर्ष-दीड वर्ष उभं राहणारं पीक आलं, त्याच्यासाठी ते जंगलच, त्यातच जन्मलेत हे बिबटे. मग आपल्या हातात काय आहे ते मागा ना. मोर्चा काढायचा तर दिवसा थ्री फेज लाईटसाठी काढा. रात्री एकटा माणूस वाकून पाणी धरतो ते हौसेने नाही, लाईट तेव्हाच येते म्हणून. ऊसतोड कामगारांच्या कोप्यांना, म्हणजे झोपड्यांना जाळी आणि उजेड द्या, पोरांना अंधार पडायच्या आत घरात घ्या, मेलेल्या कोंबड्या ओढ्याला टाकू नका, त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे तो.

या आठवड्यात आमची लाईटची पाळी रात्रीची आहे. आईने दादाच्या काठीला घुंगरं बांधलीत, मोबाईलवर भजन मोठ्याने लावून दोघं जण जातात, एक जण दारं धरतो आणि दुसरा नुसता उभा राहतो. पावणेदोन वाजलेत, अजून आवाज येतोय भजनाचा.