आईच्या वाती आणि ओटी

आईला पॅरालिसिसचा झटका आला त्याला आता दीड वर्ष होईल. उजवी बाजू गेली होती. अकरा दिवसांनी घरी आणलं तेव्हा डिस्चार्ज पेपरवर गोळ्या आणि फिजिओथेरपी एवढंच लिहिलेलं, ऑक्युपेशनल थेरपी (थोडक्यात ओटी, म्हणजे रोजची कामं परत स्वतःची स्वतः करता यावीत म्हणून दिला जाणारा उपचार) हा शब्द तिथे कोणी उच्चारलासुद्धा नाही, आणि आम्हाला तरी कुठे माहीत, ओटी म्हटलं की ऑपरेशन थिएटर एवढंच डोक्यात. तीन महिने आम्ही तिला पाण्याचा ग्लास उचलू दिला नाही. भरवायचो, वेणी घालायचो, कपडे बदलायचो, वाटायचं आपण तिचं किती करतोय. ती मात्र गप्प गप्प होत चालली होती.

मग ओळखीतून एक ओटी ताई घरी आल्या. मला वाटलं हात वरखाली करायला लावतील. त्यांनी आधी नुसतं घर बघितलं, बाथरूमचा उंबरा, कॉटची उंची, आई जेवायला कुठे बसते. मग आईला विचारलं, "काकू, आधी सकाळी उठून काय काय करायचात? त्यातलं परत काय करावंसं वाटतं?" आई बोलताना अडखळते. म्हणाली, "देवाच्या... वाती." तीन महिन्यांत आम्ही कोणी तिला हे विचारलंच नव्हतं. आत्ता टाईप करतानाही गलबलून येतंय.

मग तोच व्यायाम झाला. पाटावर कापूस, त्यावर उजवा तळवा, वरून डाव्या हाताने दाबून हळूहळू वळायचं. काही आठवड्यांनी फुलवात, कारण तिला चिमटीत धरून पीळ द्यावा लागतो. चमच्याच्या दांड्याला जुनं कापड गुंडाळून तो जाड केला म्हणजे मुठीत बसतो, ताटाखाली ओलं फडकं म्हणजे ताट सरकत नाही, ब्लाऊज घालताना लुळा हात आधी बाहीत आणि काढताना चांगला हात आधी. इतक्या साध्या गोष्टी, पण आम्हाला एकही सुचली नव्हती. आणि सगळ्यात अवघड काय होतं सांगू, ती एका हुकासाठी दहा मिनिटं झगडत असताना आपण शेजारी गप्प बसून राहायचं. ताई मला डोळ्यांनी दटावायच्या.

मराठीत याला व्यवसायोपचार म्हणतात, त्यामुळे लोकांना वाटतं नोकरीधंद्याचं काहीतरी असेल. इथे व्यवसाय म्हणजे माणूस दिवसभर जे जे करतो ते सगळं, आंघोळ, स्वयंपाक, लहान मुलाचं खेळणं, शाळेत पेन्सिल धरणं सुद्धा. आणि हे काही कालपरवा आलेलं नाही हो, मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये १९५० साली कमलाबाई निंबकरांनी याचं शिक्षण सुरू केलं, भारतातली ती पहिली शाळा. बाई जन्माने अमेरिकन, लग्न होऊन इकडच्या झाल्या. १९५२ ला व्यवसायोपचाराची जागतिक संघटना स्थापन झाली तेव्हा संस्थापक देशांत भारत होता. म्हणजे ज्या राज्यात हे सुरू झालं तिथेच आज पेशंटच्या घरच्यांना याचं नाव योगायोगाने कळतं, याचा मला खरंच राग येतो. जीव वाचवला की दवाखान्याचं काम संपतं का? वाचलेला माणूस घरी जाऊन जगणार कसा हे कोणी बघायचं?

तुमच्याकडे कोणाला झटका आला असेल, हाताला मार लागला असेल, किंवा मूल उशिरा शिकतंय असं वाटत असेल तर डिस्चार्जच्या आधी, तपासणीच्या वेळीच डॉक्टरांना स्वतःहून विचारा, ओटी लागेल का म्हणून. आणि सातारा-कराड भागात घरी येणारे कोणी माहीत असतील तर प्लीज कळवा, माझ्या मावशीच्या शेजारी एक काका आहेत, महिना झाला नुसते पडून आहेत, त्यांच्यासाठी हवंय.