‘प्रदर्शनीय सामना’ म्हणे!

आज आपल्या बेळगावात एका फुटबॉल स्पर्धेत पुरुषांच्या फायनलआधी मुलींचा ‘प्रदर्शनीय सामना’ ठेवला होता. पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन हाफ. पाहुणे उशिरा आले म्हणून दुसरा हाफ दहावर आणला. माइकवर सारखं ‘आमच्या भगिनी, आमच्या भगिनी’. आणि बेस्ट प्लेअरला बक्षीस काय, तर प्रेशर कुकर! पुरुषांच्या बेस्ट प्लेअरला बूट.

बूट खरं तर त्या पोरीला पाहिजे होते. आठ नंबरची, मिडफिल्डला खेळते. हाफटाइमला बुटाचा सुटलेला तळ चिकटपट्टीनं गुंडाळत बसली होती. बूट मुलांचा, एक साइज मोठा, आत दोन मोजे. असल्या बुटात पाय सरकतो, टाच उचलली जाते. त्यात स्टड, म्हणजे तळाचे खुंट, लांब, ब्लेडवाले. पावसाळा सरला की आपली लाल माती टणक होते. लांब स्टड एकतर रुततच नाहीत, नाहीतर रुतून अडकतात. पाऊल जागेवर, अंग वळलेलं, मध्ये गुडघा. गुडघ्यातला एसीएल हा बंध असाच तुटतो, कुणी धक्काही मारावा लागत नाही. मुलींत ही दुखापत मुलांपेक्षा जास्त होते. कडक मैदानाला आखूड आणि संख्येनं जास्त असलेले रबरी स्टड लागतात, एवढी साधी गोष्ट सांगायला कुणी नाही?

शेजारी उभ्या एकानं विचारलं, मुलींची नॅशनल लीग असते काय वो? असते की. इंडियन विमेन्स लीग, २०१६-१७ पासून. आधी सगळ्या टीमना एकाच शहरात गोळा करून काही आठवड्यांत उरकायचे. शिलाँग झालं, लुधियाना झालं, बेंगळूर, भुवनेश्वर, अहमदाबाद. एक-दोन दिवसाआड मॅच, पाय मोकळे व्हायच्या आत पुढची. २०२३-२४ ला होम-अवे आलं, म्हणजे एक मॅच आपल्या मैदानावर, एक समोरच्यांच्या: सात टीम, प्रत्येकीला १२ मॅच, ओडिशा एफसी चॅम्पियन. २०२४-२५ ला आठ टीम, प्रत्येकीला १४, एकूण ५६ मॅच, जानेवारी ते एप्रिल. ईस्ट बंगालनं जिंकली. कोच अँथनी अँड्र्यूज, ज्यांनी आधी गोकुलम केरळा या क्लबला चॅम्पियन केलं होतं तेच. आपल्या कर्नाटकाची किकस्टार्ट २०२२-२३ ला फायनलला गेली होती. गोकुलमकडून ५-० नं हरली, पण गेली.

आता चौदा मॅचचा सीझन म्हणजे काही फार नव्हे. बाकीचं वर्ष पोरींनी काय करायचं? पण इथली पोरगी त्या चौदा मॅचपर्यंत तरी पोचणार कशी? कोल्हापूर दोन-अडीच तासांवर, तिथं फुटबॉल म्हणजे जीव की प्राण. पण आपण कर्नाटकात, राज्याच्या टीममध्ये यायचं तर ट्रायल बेंगळूरला. रात्रभर राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये आखडून बसायचं आणि उतरून थेट मैदानात. सीमाप्रश्नावर आपल्याकडे भाषणांना तोटा नाही, पोरींच्या तिकिटाचं बोला म्हटलं की सगळे गप्प. राष्ट्रीय महिला स्पर्धेच्या करंडकाला राजमाता जिजाबाईंचं नाव आहे, हे तरी किती जणांना माहीत आहे? जयंतीला बॅनर मात्र चौकाचौकात.

प्रेक्षक येत नाहीत, स्पॉन्सर मिळत नाही, मान्य. कुकरही कुणीतरी पदरमोड करून दिला असेल, तेही मान्य. म्हणून मॅच पंचवीस मिनिटांची?

त्या पंचवीस मिनिटांतही आठ नंबरचीनं बॉल यायच्या आधी दोनदा मान वळवून मागं बघितलं. मग अर्ध्या वळणावरच बॉल घेतला आणि डाव्या पायानं विंगला सोडला. चिकटपट्टीच्या बुटानं! एवढं बघून घेणं मोठ्या पोरांनाही पटकन जमत नाही. राग शांत झाला तो तेवढ्यापुरता.

मुलींना शिकवणाऱ्या सरांनी निदान फिफा ११+ हा दुखापती टाळायचा वॉर्म-अप तरी सुरू करावा. पैसा लागत नाही, वीस मिनिटं लागतात. आठ मिनिटं धावणं, दहा मिनिटं ताकद-उड्या-तोल, शेवटी दोन मिनिटं वेगात धावणं. आठवड्यातून किमान दोनदा, सरावाच्या आधी. मॅचच्या दिवशी मधला भाग वगळायचा. उडी मारून खाली येताना गुडघे आत वळतात का, तेवढं समोर उभं राहून बघा. वळत असतील तर उडी कमी करा, आधी वाकून उतरायला शिकवा.

आणि क्लबवाल्यांनो, फुटबॉल फेडरेशनची ऑनलाइन नोंदणी क्लबमार्फत होते, पोरीवर ढकलू नका. जन्मदाखला आणि आधार आधी शेजारी ठेवून बघा. दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, शाळेत तिसरं, हे आपल्याकडे घरोघरी आहे. ट्रायलच्या आदल्या आठवड्यात दुरुस्तीला धावलात तर ती ट्रायल गेलीच म्हणून समजा. आत्ता, उन्हाळ्याच्या सुट्टीत उरकून टाका.