‘सभ्य शब्द’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक त्रस्त वाचक’ यांस,

कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर उद्भवणाऱ्या गुंतागुंतींविषयी मी लिहिलेल्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. पहिल्या वाचनानंतर लगेच उत्तर लिहायला बसलो नाही हे बरेच झाले, कारण ते उत्तर वाचण्याजोगे झाले नसते.

इतर वाचकांसाठी आपले म्हणणे थोडक्यात सांगतो. ‘गुंतागुंत’ हा डॉक्टरांच्या चुकीला दिलेला सभ्य शब्द आहे, असे आपण म्हणता. शल्यविशारदाच्या हातातले कसब आणि गुंतागुंत यांचा थेट संबंध 2013 सालीच दाखवून झाला असताना मी तो दडवला, रुग्णालये आपापले आकडे का जाहीर करत नाहीत याबद्दल सोयीस्कर मौन पाळले, गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील अभ्यासाचा एक आकडा चुकीचा दिला, आणि एकंदरीत ‘बिरादरीची वकिली’ केली, असेही आपले म्हणणे आहे. आपल्या भावांना आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर सहाव्या दिवशी पुन्हा टेबलावर घ्यावे लागले, हे आपण जाता जाता एका ओळीत लिहिले आहे.

आधी आकड्याचे. तेथे आपले बरोबर आहे आणि ते मान्य करण्यात मला कमीपणा वाटत नाही. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत गर्भाशयमुखाचा सुरुवातीच्या टप्प्यातला कर्करोग असलेल्या 631 स्त्रियांची विभागणी पोट उघडून करायची शस्त्रक्रिया आणि दुर्बिणीची किंवा रोबोटची शस्त्रक्रिया अशा दोन गटांत झाली होती. साडेचार वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण पोट उघडलेल्या गटात 96.5 टक्के, तर दुर्बिणीच्या गटात 86 टक्के होते. जिवंत राहिलेल्यांचे 99 आणि 93.8 टक्के हे आकडे मात्र तीन वर्षांचे होते. मी चारही आकडे साडेचार वर्षांच्या खात्यावर मांडले. लेखात दुरुस्ती केली आहे आणि ती आपल्यामुळे झाली, याची नोंदही तेथे ठेवली आहे.

पण एक विचारतो. ज्या लेखात आपल्याला वकिली दिसली, त्याच लेखात हा अभ्यास मी का दिला असेल? दुर्बिणीची शस्त्रक्रिया आम्हा मंडळींची लाडकी. जखम लहान, रक्तस्राव कमी, रुग्ण लवकर घरी. आणि तरीही या आजारात तिने रोग परतण्याचे प्रमाण वाढवले, हे शल्यविशारदांनीच चाचणी घेऊन स्वतःच्या आवडीविरुद्ध जाहीर केले. आपल्या अशिलाला अडचणीत आणणारा कागद स्वतःहून न्यायालयापुढे ठेवणारा वकील आपण पाहिला असल्यास मला अवश्य कळवावे. ‘बिरादरी’ या शब्दामागचा सूर मला कळला नाही असे नाही. टोपणनावामागून असा सूर लावणे सोपे असते; मी माझ्या नावाने लिहितो आणि चुकलो तर माझ्याच नावाने चुकतो.

आता त्या वाक्याकडे येतो. ‘गुंतागुंत हा चुकीला दिलेला सभ्य शब्द आहे.’ वाक्य टाळ्या घेणारे आहे, पण ते खरे नाही, आणि का खरे नाही हे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतींची जी वर्गवारी आज बहुतेक ठिकाणी वापरली जाते, ती 2004 साली 6,336 रुग्णांच्या नोंदींवर पारखून मांडली गेली. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाची प्रकृती नेहमीच्या वाटेने सुधारत न जाता त्या वाटेवरून जरा जरी ढळली, तर ती गुंतागुंत, इतकी तिची व्याख्या व्यापक आहे. उलटी थांबवण्याचे औषध द्यावे लागले तर पहिली पायरी, रक्त चढवावे लागले तर दुसरी, पुन्हा भूल देऊन शस्त्रक्रिया करावी लागली तर तिसरीचा वरचा भाग, एखादा अवयव निकामी होऊन अतिदक्षता विभागात न्यावे लागले तर चौथी, आणि मृत्यू ही पाचवी. पायरी ठरते ती कोणते उपचार करावे लागले यावरून, कारण ‘किरकोळ’, ‘मध्यम’ अशी विशेषणे आम्ही आपल्या सोयीने वापरतो. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली ही गोष्ट मात्र कोणाला लपवता येत नाही. दोष कोणाचा, हा प्रश्न ही वर्गवारी विचारतच नाही. आपण ज्याला पडदा म्हणता तो शब्द मुळात आमच्याच लेखणीवर अंकुश ठेवण्यासाठी काटेकोर करण्यात आला, हे आपल्याला ठाऊक नसावे.

दुसरे उदाहरण गळतीचे, म्हणजे आतड्याचा जोड सुटून आतला मळ पोटात झिरपण्याचे. गुदाशयाच्या कर्करोगात गाठीसह आतड्याचा भाग काढून उरलेली दोन टोके जोडतात आणि हा जोड जितका गुदद्वाराजवळ, तितकी तो सुटण्याची भीती अधिक. टोकांना होणारा रक्तपुरवठा, जोडावर येणारा ताण, आधी दिलेले किरणोपचार, रुग्णाचे कुपोषण, धूम्रपान, स्टेरॉइड अशी अनेक कारणे त्यात एकमेकांत मिसळलेली असतात. स्वीडनमध्ये झालेल्या आणि 2007 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा 234 रुग्णांपैकी निम्म्यांना तात्पुरता स्टोमा केला, म्हणजे मळ जोडापर्यंत न जाता आधीच पोटावरच्या पिशवीत जाईल अशी सोय केली, आणि उरलेल्यांना केला नाही. लक्षणे दिसणारी गळती स्टोमा केलेल्यांत 10.3 टक्के आढळली, न केलेल्यांत 28 टक्के. कोणाला स्टोमा करायचा हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरले होते, तेव्हा निष्णात हात एका गटाला आणि अडाणी हात दुसऱ्या गटाला मिळाले असे म्हणायला जागा नाही. प्रत्येक गळती ही हाताची चूक असेल, तर मळाची वाट बदलल्याने ती एवढी कमी का व्हावी? आणि एवढी काळजी घेऊनही दर दहांत एकाला ती व्हावी, याचा अर्थ आपण काय लावाल?

तिसरी गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तीच माझ्या लेखाचा गाभा होती, जो आपण बहुधा ओलांडून गेलात. 2009 साली अमेरिकेतील 186 रुग्णालयांतल्या 84,730 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वांत कमी मृत्यू होणाऱ्या रुग्णालयांच्या गटात मृत्युदर 3.5 टक्के होता, सर्वांत जास्त होणाऱ्या गटात 6.9, म्हणजे जवळजवळ दुप्पट. गुंतागुंतीचे प्रमाण मात्र एका टोकाला 24.6 तर दुसऱ्या टोकाला 26.9 टक्के, म्हणजे फरक नगण्य. फरक पुढे पडला: मोठी गुंतागुंत झालेल्यांपैकी चांगल्या रुग्णालयांत 12.5 टक्के दगावले आणि वाईट रुग्णालयांत 21.4 टक्के. आमच्या क्षेत्रात याला ‘वाचवण्यातले अपयश’ म्हणतात. हा अभ्यास केवळ कर्करोगाचा नव्हता हे आपण म्हणालच, म्हणून 2021 चा दाखला देतो. 82 देशांतल्या स्तन, मोठे आतडे आणि जठर यांच्या कर्करोगाच्या 15,958 रुग्णांचा जो अभ्यास झाला, त्यातही मोठ्या गुंतागुंतीनंतर प्राण जाण्याचा धोका कमी उत्पन्नाच्या देशांत कितीतरी पटींनी अधिक आढळला.

गुंतागुंत लवकर ओळखली तर काय होते, हे नेदरलँड्समध्ये दिसून आले. स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेनंतर रोज रुग्णाची नाडी, ताप, रक्तातले दाहाचे प्रमाण आणि ड्रेनमधले, म्हणजे पोटातून बाहेर काढलेल्या नळीतले, पाणी ठरलेल्या पद्धतीने तपासायचे, ठरलेली रेषा ओलांडली की वाट न पाहता सीटी स्कॅन करायचा आणि पू साठला असेल तर पोट न उघडता नळी घालून काढायचा, अशी शिस्त तेथल्या 17 रुग्णालयांनी एकामागोमाग एक लागू केली. 2022 साली निष्कर्ष आले. रक्तस्राव, अवयव निकामी होणे किंवा मृत्यू यांपैकी काहीतरी घडण्याचे प्रमाण 14 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर उतरले आणि नव्वद दिवसांतले मृत्यू 5 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर. शस्त्रक्रिया तीच होती. बदलली ती त्यानंतरची नजर.

एवढे सांगूनही, मी हे पुस्तकातून बोलतो असे आपण म्हणाल, म्हणून जे लेखात लिहिले नव्हते ते येथे लिहितो. मी शिकाऊ डॉक्टर असताना, कोणत्या रुग्णालयात ते सांगत नाही, गुदाशयाची शस्त्रक्रिया झालेल्या पन्नाशीतल्या एक बाई माझ्या देखरेखीखाली होत्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी सहाला त्यांची नाडी 96 होती, नऊला 108, मध्यरात्री 118. ताप नव्हता, पोट मऊ होते. सिस्टरांनी दोनदा बोलावले. बाई म्हणाल्या, ‘दुखत फारसं नाही, पण आत काहीतरी बिनसलंय.’ मी वेदनाशामक वाढवले, केस पेपरवर ‘वेदनेमुळे नाडी जलद’ असे लिहिले आणि झोपायला गेलो. सकाळच्या राउंडला ड्रेनच्या पिशवीत गढूळ, वास येणारे पाणी दिसले. दुपारी त्यांना पुन्हा टेबलावर घेतले, स्टोमा केला, तीन आठवडे अतिदक्षता विभागात गेले. त्या वाचल्या, पण ज्या काळात त्यांची केमोथेरपी व्हायची तो काळ जखम भरण्यात गेला. जोड माझ्या वरिष्ठांनी माझ्यासमोर घातला होता आणि तसा जोड मला आजही घालता येणार नाही. गळती ही कोणाची चूक नव्हती. ती एक रात्र मात्र माझी होती. तेव्हापासून शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णाची नाडी वाढली की ती गळतीमुळे नाही हे सिद्ध होईपर्यंत मी गळतीच धरून चालतो. जो माणूस ‘गुंतागुंत’ आणि ‘चूक’ यांतला भेद अशा रीतीने शिकला, त्याला शब्दांचे पडदे शिकवू नयेत ही विनंती.

उरलेल्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. 2013 च्या ज्या अभ्यासाचा आपण उल्लेख करता, त्यात वीस शल्यविशारदांच्या शस्त्रक्रियांच्या चित्रफिती त्यांच्या समव्यवसायिकांनी नावे न कळता पाहून गुण दिले होते आणि सर्वांत कमी गुणांच्या गटात गुंतागुंती 14.5 टक्के, तर सर्वांत जास्त गुणांच्या गटात 5.2 टक्के निघाल्या. अभ्यास उत्तम आहे. पण तो लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा होता, कर्करोगाचा नव्हे, म्हणून माझ्या लेखात तो आला नाही. दडवण्याचा प्रश्नच येत नाही. हाताचे कसब महत्त्वाचे नाही असे मी कोठेही म्हटलेले नाही. रुग्णालयांनी आकडे जाहीर करावेत की नाही, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. अवघड रुग्ण स्वीकारणाऱ्या रुग्णालयाचे आकडे साहजिकच वाईट दिसतात आणि ते नुसते फलकावर लावले तर अवघड रुग्णांना दारातूनच परत पाठवले जाण्याची भीती असते, एवढेच तूर्त म्हणतो. यावर आपले समाधान होणार नाही हे मला माहीत आहे.

आपल्या भावांविषयी. त्या एका ओळीला मी शेवटी उत्तर देतो आहे, हे बरोबर झाले नाही. खरे तर सुरुवात तेथून व्हायला हवी होती. त्यांच्या बाबतीत काय घडले हे न पाहता मी मत देणार नाही, आणि आपणही ‘गळती झाली’ एवढ्यावरून निवाडा करू नये. केस पेपरची प्रत मागून घ्या. तिच्यात चौथ्या आणि पाचव्या दिवसाचा नाडीचा तक्ता असेल. नाडी कधी वाढू लागली, ती पाहून कोणी काय लिहिले, रक्ताची तपासणी आणि सीटी स्कॅन किती वाजता सांगितला आणि किती वाजता झाला, हे क्रमाने लावून पाहा. ‘वेदनेमुळे’ असा शेरा कोठे आढळला, तर त्यापुढच्या नोंदींच्या वेळा विशेष काळजीने पाहा. नावे झाकून ती पाने मला पाठवलीत तर मी ती वाचेन, आणि जे दिसेल तेच सांगेन.