खाद्यनगरी घडवताना घ्यावयाची काळजी

शहराच्या कारभाऱ्यांनो, ठाण्याला खाद्यनगरी करण्याचा संकल्प आपण केला आहे, हे ऐकून आनंद झाला. तलावांचे शहर हे बिरुद आता जुने झाले आहे आणि नव्या बिरुदासाठी कमानीवर, नेत्यांच्या छायाचित्रांच्या खाली का होईना, थोडी जागा शिल्लक आहे. या कार्यात एकच पथ्य पाळावे. रोज पहाटे उठून प्रत्यक्ष स्वयंपाक करणाऱ्या माणसांना बैठकीला बोलावू नये, कारण ही माणसे तेलाचा भाव, सिलिंडर आणि जागेचे भाडे यांपलीकडे बोलत नाहीत आणि त्यामुळे सादरीकरणाचा रंग जातो.

प्रारंभ नावापासून करावा. मामलेदार कचेरीपाशी 1946 पासून मिसळ मिळते, म्हणून लोक तिला मामलेदार मिसळ म्हणू लागले आणि कोणत्याही सल्लागाराला छदामही न देता ते नाव ठाण्याबाहेर जाऊन पोहोचले. असा हलगर्जीपणा पुन्हा होता कामा नये. आपल्या उपक्रमाला नाव देण्यासाठी बाहेरची संस्था नेमावी. नावात ‘फेस्ट’ हा शब्द असावा आणि एकाही पदार्थाचा उल्लेख नसावा.

त्यानंतर घोडबंदर रस्त्यालगत एखादे मैदान तीन दिवसांसाठी घेऊन दहा बाय दहाचे गाळे पाडावेत. सर्वांत मोठा गाळा घरांच्या विक्रीसाठी असावा, त्याखालोखाल मोटारींसाठी, आणि जे उरतील ते गृहउद्योजिकांना ‘सवलतीच्या’ दरात द्यावेत. आमच्या सोसायटीतील एक वहिनी अशा गाळ्यात बसून आल्या आहेत, त्यामुळे ही रीत किती फलदायी असते ते मी जवळून पाहिले आहे. वहिनी उकडीचे मोदक करतात. उकड गरम असतानाच तुपापाण्याचा हात लावून मळायची, पारी कडेला पातळ आणि मध्ये किंचित जाड ठेवायची, बोटांच्या चिमटीने कळ्या पाडत तोंड मिटवायचे आणि लगेच मोदकपात्रात ठेवायचे, ही कामे एकापाठोपाठ एक व्हावी लागतात. मध्ये खंड पडला की पारीला तडे जातात. आयोजकांनी मंडपात गॅस पेटवण्यास मनाई केली होती, आणि ते योग्यच होते. त्याऐवजी विजेची एक जोडणी दिली होती, जिच्यावर शेजारच्या गाळ्यातील तळणयंत्रही चालत असे. तळणयंत्र सुरू झाले की बटण पडे, वाफ जाई, आणि वहिनी ओल्या फडक्याखालच्या पाऱ्यांकडे पाहत बसत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका तरुण जोडप्याने थांबून आस्थेने विचारले, “हे गोड मोमो आहेत का?” वहिनी हो म्हणाल्या. त्या दिवसाची सर्वांत मोठी विक्री तीच. भाडे काही सुटले नाही. मात्र सहभागाचे प्रमाणपत्र मिळाले आणि समारोपाच्या भाषणात त्यांचा ‘स्त्रीशक्ती’ म्हणून उल्लेख झाला, तोही त्या भांडी घासत असताना.

महोत्सव पार पडला की रस्त्यावरच्या खाण्याकडे वळावे. पावसाळ्याच्या तोंडावर शहरालगतच्या येऊरच्या पाड्यांवरील बायका शेवळं ही रानभाजी घेऊन शहरात येतात आणि सोबत काकडंही आणतात, कारण त्या आंबट फळाचा रस घातल्यावाचून शेवळं घशाला खाजतात. कायस्थांच्या घरांत या भाजीची वर्षभर वाट पाहतात. आपल्या माहितीपटात या टोपलीचे जवळून चित्रण अवश्य करावे आणि चित्रण आटोपताच तो पदपथ मोकळा करून घ्यावा. येथे 2014 चा पथविक्रेता कायदा आडवा येईल अशी भीती बाळगू नये. विक्रेत्यांचे सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्रीची प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही हटवू नये, असे त्यात म्हटले आहे खरे. प्रमाणपत्रधारकाला हलवायचे असल्यास 30 दिवसांची नोटीस द्यावी, असेही आहे. परंतु “गाडी आली!” अशी एक आरोळी उठली की सारा रस्ता अर्ध्या मिनिटात स्वतःहून रिकामा होतो आणि जो स्वतःहून पळाला त्याला हटवले असे कोण म्हणेल? जप्त केलेला नाशिवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत करावा, ही तरतूद मला विशेष आवडते. सकाळी उचललेली शेवळं कागदपत्रे पूर्ण होऊन संध्याकाळी हाती येतात, तेव्हा कायदा तंतोतंत पाळला गेलेला असतो.

अर्थसाहाय्याची चिंता आपण करू नये. पथविक्रेत्यांसाठी 2020 मध्ये स्वनिधी योजना सुरू झाली तेव्हा पहिले कर्ज 10 हजार रुपयांचे ठरले होते. ज्या हातगाडीला उभे राहायला जागाच नाही तिला भांडवल देणे हा खास आपल्याकडचा शोध आहे. ज्यांना जागेची कटकट नको त्यांनी घरून डबे करून ते मोबाइलवरील कंपन्यांमार्फत पोहोचवावेत. मराठे मुलखाकडून चौथाई घेत, म्हणजे उत्पन्नाचा चौथा हिस्सा, आणि वर दहा टक्के सरदेशमुखी. हा इतिहास शाळेत पाठ केलेल्या पोळीभाजीवाल्या काकूंना या कंपन्यांच्या दलालीचे गणित नव्याने शिकवावे लागत नाही, फक्त या खेपेला आपण कोणत्या बाजूला आहोत एवढे समजावून द्यावे लागते.

उद्घाटनाच्या रात्री मात्र एक अडचण येते, तिची आधीच तजवीज करावी. भाषणे साडेदहापर्यंत लांबतात, गाळ्यांवरचे पदार्थ संपलेले किंवा गार झालेले असतात आणि प्रमुख पाहुण्यांना भूक लागते. अशा वेळी चालकाला नाक्यावर वडापाव आणायला पिटाळण्याची प्रथा आहे. तो बराच वेळाने रिकाम्या हाताने परत आला तर त्याच्यावर रागावू नये. नाक्यावरची ती हातगाडी पाहुण्यांच्या मोटारी लावायला जागा हवी म्हणून आपणच त्या दिवशी सकाळी हलवलेली असते.